‘नॉर्मल’ कुणी ठरवलं, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मेदात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांवर लेख आला होता, म्हणजे ए, डी, ई आणि के या चौघांवर, आणि लेखाखाली एक चौकट होती, ‘तुमची पातळी नॉर्मल आहे का? इथे बघा’. चार ओळी, चार आकडे. त्यातल्या दोन आकड्यांपुढे एककच छापलेलं नव्हतं, आणि हे आकडे कुठून आले, कुणाच्या रक्तावरून काढले याचा तर पत्ताच नाही. लेख वाईट नव्हता हो, पण ती चौकट बघून मला राहवेना.

त्याच दिवशी दुपारी शेजारच्या वहिनी ते कात्रण आणि स्वतःचा रिपोर्ट घेऊन आल्या, एकदम खुशीत. चौकटीत व्हिटॅमिन डी ‘३० च्या वर हवं’ असं होतं आणि वहिनींचं आलं होतं ४८. म्हटलं जरा दाखवा बघू. रिपोर्टवर ४८ च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलेलं, नॅनोमोल प्रति लिटर. आणि तुमच्या चौकटीतले ३० होते नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे असणार, कारण लिहिलेलं नव्हतंच. मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅम म्हणजे लिटरमागे जवळपास २.५ नॅनोमोल. तेव्हा वहिनींचे ४८ म्हणजे तुमच्या हिशोबाने साधारण १९. चेहरा असा उतरला त्यांचा! ‘अगं मग मी नॉर्मल नाही का?’ आता याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे पत्र. लांबेल, काटछाट करायची तर करा, फक्त आकड्यांना आणि एककांना हात लावू नका.

मी लॅबमध्ये आयुष्य काढलं, बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर. डॉक्टर नाही मी, टेक्निशियन. त्यामुळे कुणी काय गोळी घ्यावी यावर मी बोलणार नाही, पण रिपोर्टच्या उजव्या बाजूच्या रकान्यात जे दोन आकडे असतात, ज्यांना सगळे नॉर्मल रेंज म्हणतात, ते कसे जन्माला येतात हे मला माहितीये.

तर निरोगी माणसं गोळा करायची. अमेरिकेतल्या क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूटच्या नियमाप्रमाणे किमान १२०, आणि पुरुष-बायकांची रेंज वेगळी काढायची असेल तर प्रत्येकी १२०. सगळ्यांचं रक्त एकाच पद्धतीने घ्यायचं, एकाच पद्धतीने तपासायचं, आणि आलेले १२० आकडे चढत्या क्रमाने मांडायचे. खालून तिसरा आकडा ही खालची हद्द आणि वरून तिसरा ही वरची हद्द. झाली रेंज. खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के बाहेर ठेवायचे, मधले ९५ टक्के म्हणजे ‘नॉर्मल’. आता बघा, ज्यांना आपण बाहेर ठेवलं तेही निरोगीच होते, निरोगी म्हणूनच तर बोलावलेले! म्हणजे शंभर ठणठणीत माणसांतली पाच माणसं या व्याख्येनेच रेंजच्या बाहेर जाणार, त्यांचा काही दोष नाही. चारही जीवनसत्त्वं एकदम तपासली आणि ती एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलं तर शंभरातल्या अठरा-एकोणीस जणांचं काही ना काही वर-खाली दिसणार. आणि ती वीस-वीस टेस्टची पॅकेजं असतात ना, त्यात हाच हिशोब ६४ वर जातो. निरोगी माणसं, आणि दोन-तृतीयांश लोकांच्या रिपोर्टवर कुठेतरी ठळक अक्षरातला आकडा. मग कमतरता निघणार नाही तर काय होणार.

म्हणूनच तर या शास्त्रातल्या लोकांनी ‘नॉर्मल’ हा शब्द कधीच टाकून दिला. १९६९ साली फिनलंडच्या ग्रॅसबेक आणि सॅरिस या दोघांनी मांडलं की याला रेफरन्स व्हॅल्यू म्हणा, संदर्भाचे आकडे, कारण नॉर्मल म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं याच्या बाहेर म्हणजे आजारी. पन्नासहून जास्त वर्षं झाली त्याला. रिपोर्टवर आता बऱ्याच ठिकाणी ‘बायॉलॉजिकल रेफरन्स इंटरव्हल’ असं छापलेलं असतंही, बोलताना मात्र आपण सगळे, मीसुद्धा, नॉर्मलच म्हणतो.

आता निरोगी माणूस शोधणं. हा सगळ्यात मजेशीर भाग आहे आणि यावर कुणी लिहीत नाही. आमच्या लॅबने एकदा ए आणि ई ची स्वतःची रेंज काढायचं मनावर घेतलं होतं, त्याचा फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. गरोदर आहात का, असाल तर बाद, कारण गरोदरपणात रक्तातली चरबी वाढते आणि तिच्याबरोबर ई वाढतं. संततिनियमनाच्या गोळ्या? बाद, त्याने ए वाढतं. लिव्हरचा त्रास, किडनीचा त्रास, दारू, कोलेस्टेरॉलची गोळी, गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सगळे बाद. एक गृहस्थ आले होते, अगदी कडक तब्येतीचे, सगळ्या प्रश्नांना नाही-नाही-नाही. रक्त काढायला हात पुढे केला आणि सुई लावता लावता सहज बोलले, ‘मल्टीव्हिटॅमिन तेवढी घेतो रोज, पण ते काय औषधात धरत नाही ना तुम्ही?’ सुई बाजूला ठेवली मी. जीवनसत्त्वाची रेंज काढायची आणि माणूस रोज तेच जीवनसत्त्व बाहेरून घेतोय! असे इतके निघाले की आमचे साहेब म्हणाले, निरोगी माणूस म्हणजे ज्याला अजून नीट प्रश्न विचारले नाहीत तो.

शेवटी आम्ही ते अर्धवट सोडलं आणि बहुतेक लॅब जे करतात तेच केलं, किटच्या कंपनीने दिलेली रेंज घेतली. त्यालाही नियम आहे बरं का, आपल्याकडच्या २० निरोगी माणसांची सॅम्पल लावून बघायची, दोनपेक्षा जास्त बाहेर गेली नाहीत तर ती रेंज वापरायला हरकत नाही. पण किती जण हे २० तरी करतात, आणि किती जण नुसतं किटच्या कागदावरून उतरवून घेतात, हे तुमच्या वार्ताहराने कधीतरी विचारून बघावं, चांगली बातमी होईल.

एवढं सगळं करून हाती काय येतं, तर ‘या लोकांत साधारण काय असतं’ एवढंच. पुरेसं किती हे त्यातून कळत नाही. ज्या १२० जणांकडून आकडे घेतले त्यांनाच ते जीवनसत्त्व कमी पडत असेल तर त्यांची रेंजही खालीच येणार, आणि ते सगळे नॉर्मल ठरणार. सगळे वरून गोळ्या घेणारे असतील तर रेंज वर जाणार आणि बाकीचं जग कमी ठरणार. म्हणून दुसरी एक पद्धत असते, शरीरात बिघाड कुठल्या पातळीखाली दिसायला लागतो ते शोधून तिथे रेघ मारायची. याला कट-ऑफ म्हणतात. रेंज आणि कट-ऑफ ही दोन वेगळी जनावरं आहेत आणि तुमच्या चौकटीत ती एकाच दावणीला बांधलेली आहेत. ए आणि डी ला कट-ऑफ दिलाय, ई आणि के ला रेंज, आणि वर शीर्षक एकच, नॉर्मल.

ए पासून सुरू करते, कारण ते सगळ्यात फसवं आहे. रक्तात मोजतो ते रेटिनॉल. पण शरीरातला ए चा साठा असतो लिव्हरमध्ये, नीट पोषण असलेल्या माणसात ८० टक्क्यांच्या वर तिथेच, आणि लिव्हर रक्तात गरजेपुरतंच सोडत राहते, काटेकोर. म्हणजे टाकी भरलेली असो की तळाला आलेली असो, नळाला पाणी सारखंच. लिव्हरमधला साठा अगदी खाली, ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅमच्या आसपास जाईपर्यंत रक्तातला आकडा हलतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कमतरतेची रेघ आहे लिटरमागे ०.७० मायक्रोमोल, म्हणजे डेसिलिटरमागे २० मायक्रोग्रॅम, पण ती संघटना वापरते ती एखाद्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला, एकेका माणसाचं निदान करायला तिचा तेवढा उपयोग नाही. त्यात आणखी गंमत, रेटिनॉल रक्तात एकटं फिरत नाही, लिव्हरने बनवलेल्या एका प्रोटीनच्या खांद्यावर बसून फिरतं. ताप आला, कुठे सूज आली की लिव्हर ते प्रोटीन कमी बनवते आणि आकडा पडतो, साठा जिथल्या तिथे असूनसुद्धा. म्हणून जाणकार मंडळी ए बरोबर सीआरपी, म्हणजे शरीरात सूज आहे का ते सांगणारी टेस्ट, पण बघतात. उलट किडनी नीट काम करत नसेल तर ते प्रोटीन रक्तात साचतं आणि ए वाढलेलं दिसतं. झिंक कमी असलं तरी फरक पडतो. म्हणजे तापातून उठलेल्या माणसाने आरोग्य तपासणीचं पॅकेज केलं आणि ए कमी आलं, तर त्या आकड्याला घाबरायच्या आधी दोन आठवडे थांबलेलं बरं.

ई चं वेगळंच. ते रक्तात चरबीच्या गाडीत बसून फिरतं, लायपोप्रोटीन म्हणतात त्यात. गाड्या जास्त तर प्रवासी जास्त. कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाचं ई रिपोर्टवर छान दिसतं आणि खरं तर पेशींना पुरेसं मिळत नसू शकतं, आणि कोलेस्टेरॉल कमी असलेल्या माणसाचं ई उगाच कमी दिसतं. म्हणून ई चा सुटा आकडा छापण्यात अर्थ फार थोडा, त्याला कोलेस्टेरॉलने किंवा एकूण चरबीने भागायला हवं. एकूण चरबीच्या ग्रॅममागे ०.८ मिलिग्रॅम ही जुनी रेघ आहे, १९७० च्या दशकापासूनची. पण मी कितीतरी रिपोर्ट बघितले, त्याच कागदावर वर लिपिड प्रोफाइल असतं, खाली ई असतं, आणि दोघांना एकत्र भागून बघायचं कुणाच्या मनात येत नाही. कॅल्क्युलेटरचं अर्ध्या मिनिटाचं काम आहे!

आणि ई च्या कमतरतेची एक सुटी रेघही वापरतात, लिटरमागे १२ मायक्रोमोल, म्हणजे साधारण ५.२ मिलिग्रॅम, ती कुठून आली माहितीये? १९५० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय राज्यात एल्गिन इथल्या मनोरुग्णालयात हॉर्विट नावाच्या शास्त्रज्ञाने काही पुरुषांना कित्येक वर्षं ई कमी असलेल्या आहारावर ठेवलं. मग त्यांच्या लाल पेशी काढून परीक्षानळीत त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं आणि किती फुटतात ते मोजायचं. ई जितकं कमी तितक्या जास्त पेशी फुटणार. त्यावरून अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००० साली ही रेघ पक्की केली. मूठभर माणसं, ती पण रुग्णालयात राहणारी, आज कुणी असा प्रयोग करू देणार नाही आणि देऊही नये. पण त्यानंतर तसा दुसरा कुणी केलाच नाही, म्हणून आजही जगभरातल्या रिपोर्टांवर त्याच माणसांच्या रक्तपेशी बसलेल्या आहेत असं म्हटलं तरी चालेल.

के बद्दल फार लिहीत नाही. रक्तात ते इतकं थोडं असतं की ई च्या मानाने दहा-वीस हजार पटींनी कमी, मिलिलिटरमागे एका नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. आणि जे सापडतं ते गेल्या एक-दोन दिवसांच्या जेवणाचं असतं, साठ्याचं नाही. तुमच्या चौकटीतला के चा आकडा त्यामुळे जवळजवळ निरुपयोगी आहे, स्पष्ट लिहिते, राग मानू नका. के पुरतंय का हे बघायचं तर ते ज्या प्रोटीनवर काम करतं ती प्रोटीनं पूर्ण तयार झालीत का अर्धवट राहिलीत ते बघतात, पिव्हका नावाची टेस्ट असते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ती पीटीची टेस्ट सगळ्यांना माहीत आहे पण ती फार उशिरा बोलते, गोठवणारे घटक निम्म्यावर आल्यावर. डॅनिश शास्त्रज्ञ डॅमने १९३५ मध्ये या जीवनसत्त्वाला के हे अक्षर दिलं ते कोआग्युलेशन या शब्दाच्या त्यांच्याकडच्या स्पेलिंगवरून, म्हणजे रक्त गोठणं हीच त्याची ओळख, पण ती ओळख पटवायला अजूनही एक सरळ आकडा आपल्याकडे नाही.

आता डी. सगळा गोंधळ इथेच आहे.

पहिली गोष्ट, मोजायचं काय. शरीरात काम करणारं रूप वेगळं आणि साठा दाखवणारं रूप वेगळं. साठा दाखवतं ते २५-हायड्रॉक्सी, रक्तात दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून तेच मोजतात. काम करणारं १,२५-डायहायड्रॉक्सी काही तासांत संपतं, आणि साठा कमी असला तरी शरीर ते ओढूनताणून नॉर्मल ठेवतं, कधी वाढवतंसुद्धा. नावं सारखी असल्यामुळे चुकून दुसरीच टेस्ट सांगितली जाते, मी टेबलावर कितीदा फोन करून विचारलंय, ‘नक्की हीच हवी का?’

दुसरी गोष्ट रेघ. २०१० च्या शेवटी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अमेरिका-कॅनडासाठी अहवाल काढला, त्यात सांगितलं की हाडांच्या दृष्टीने मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम ही पातळी ९७.५ टक्के लोकांची गरज भागवते. त्यानंतर काही महिन्यांतच, २०११ मध्ये, एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने, सांगितलं २० च्या खाली कमतरता, २१ ते २९ अपुरं आणि ३० च्या वर बरं. झालं, रातोरात एवढी माणसं ‘अपुरी’ झाली की विचारू नका, माणसं तीच, ऊन तेच, रेघ तेवढी सरकली. तुमच्या चौकटीतले ३० तिथूनच आलेत.

२० चा अर्थही लोक चुकीचा लावतात. ज्या पातळीने ९७.५ टक्के लोकांचं भागतं ती पातळी म्हणजे जवळजवळ सगळ्यात जास्त गरज असलेल्या माणसाची पातळी. बाकीच्यांना त्याहून कमी पुरतं. त्याच अहवालात निम्म्या लोकांची गरज १६ ला भागते असं आहे, आणि १२ च्या खाली खरा धोका. तेव्हा २० च्या खालच्या प्रत्येकाला कमतरता म्हणणं म्हणजे वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाच्या मापाची चड्डी सगळ्यांसाठी शिवायची आणि ज्याला ती ढगळ होते तो खुरटलेला म्हणायचा. २०१६ मध्ये त्या अहवालाच्या समितीतल्याच काही जणांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लेख लिहून हेच सांगितलं, की आमच्या आकड्याचा चुकीचा वापर होतोय आणि त्यातून साथ असल्याचा भास होतोय. आणि २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीने स्वतःच नवीन मार्गदर्शन काढलं, त्यात ३० चा आग्रह सोडून दिला आणि निरोगी प्रौढांनी उगाच डी तपासत बसू नये असंही सुचवलं. संपादक महोदय, ज्यांनी ३० सांगितलं त्यांनीच तो आकडा मागे घेतलाय आणि तुमची चौकट अजून तिथेच उभी आहे.

तिसरी गोष्ट मोजणं. हे मला सगळ्यात जवळचं, म्हणून जरा थांबून सांगते. एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातले घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, ए आणि ई काढायचं असेल तर सॅम्पलची ट्यूब आधी चांदीच्या कागदात गुंडाळायची, कारण रेटिनॉल उजेडात मरतं. सिरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटलेल्या पाण्यात, अल्कोहोल टाकलं की प्रोटीन पांढरं फुटतं, दूध नासल्यासारखं, मग हेक्झेन टाकून हलवायचं आणि फिरवायचं, वर पाण्यासारखा थर येतो, त्यात आपली जीवनसत्त्वं उतरलेली असतात. तो थर हलक्या हाताने पिपेटने उचलायचा, खालचं पांढरं थोडं जरी आलं तरी वाट लागते, आणि नायट्रोजनच्या बारीक झोताखाली सुकवायचा. मग मशीनच्या आलेखावर रेटिनॉलची टेकडी आधी दिसते, टोकोफेरॉलची, म्हणजे ई ची, नंतर. प्रत्येक सॅम्पलमध्ये आधीच एक ओळखीचा पदार्थ मोजून टाकलेला असतो, तो किती परत आला त्यावरून आपण वाटेत किती सांडलं ते कळतं. दिवस नीट गेला तर आकडे पाच-सात टक्क्यांच्या आत जुळतात. ट्यूब खिडकीत विसरली तर रेटिनॉल कमी येतं आणि ते कमी रिपोर्टवर पेशंटच्या नावावर जातं.

डी साठी बहुतेक ठिकाणी अँटिबॉडीवर चालणारी मोठी मशीन असतात, नळी टाकली की आकडा बाहेर. सोयीचं आहे, पण प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी वेगळी, कुणाला डी-२ हा डी चा एक प्रकार नीट दिसत नाही, कुणाला भलतंच काही डी सारखं दिसतं. रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर जास्त खरा, पण महाग आणि नाजूक. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांचं तर काही मशीनवर डी खोटंच वाढलेलं येतं, कारण त्या टेस्टच्या आतली जोडणीच बायोटिनवर असते. रक्त देताना ही गोळी कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

या मशीनच्या फरकाने केवढा घोळ होतो बघा. अमेरिकेत लोकांचं रक्त तपासून मोठी पाहणी करतात, एनएचएएनईएस नावाची. १९८८ ते १९९४ च्या आकड्यांशी २००० ते २००४ चे आकडे ताडून बघितले तर डी चांगलंच घसरलेलं दिसलं. मग २००८ मध्ये नीट तपासलं तेव्हा कळलं की त्या घसरणीतला बराच भाग टेस्टची पद्धत बदलल्यामुळे होता. पुढे त्यांना सगळे जुने आकडे मास स्पेक्ट्रोमीटरच्या मापात बदलून पुन्हा द्यावे लागले. एवढ्या मोठ्या सरकारी पाहणीत हे होतं तर आपण दोन लॅबचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून ‘अरे कमी झालं की’ म्हणतो त्याचं काय! नंतर प्रमाणित सिरम आलं, वेगवेगळ्या लॅबना एकच सॅम्पल पाठवून जुळवून बघायच्या योजना आल्या, परिस्थिती बरीच सुधारली आहे. तरी १९ आणि २१ मध्ये फरक आहे असं छातीठोकपणे सांगणारी मशीन मी तरी हाताळलेली नाही.

शिवाय डी ऋतूबरोबर हलतं. उन्हाळा संपताना जास्त, थंडी संपताना कमी. रेंज काढणाऱ्यांनी १२० जणांचं रक्त कुठल्या महिन्यात घेतलं यावर खालची हद्द ठरते, आणि तो महिना रिपोर्टवर कुठेच नसतो.

आता वहिनींचं. त्यांचे १९ म्हणजे तुमच्या ३० च्या रेघेने कमतरता, २० च्या रेघेने एका बोटाने कमी, १६ च्या हिशोबाने निम्म्याहून जास्त लोकांना पुरेल एवढं, १२ च्या रेघेपासून चांगलं लांब. रक्त दिलं होतं थंडीच्या शेवटी. मशीनची चूकभूल धरली तर खरा आकडा १७ असेल किंवा २१ असेल. मी त्यांना एवढंच सांगितलं की हाडं-बिडं दुखत नसतील तर घाबरू नका, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, आणि आकडा सांगताना एकक पण सांगा. त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग पेपरात एवढं सोपं कसं काय छापतात?’ याचं उत्तर मी तुमच्यावर सोडलंय.

चौकट छापू नका असं माझं म्हणणं नाही, लोकांना ती आवडते, मलाही आवडते. पण पुन्हा छापाल तेव्हा एकक लिहा, ते शक्यतो दोन्ही प्रकारचं, म्हणजे नॅनोग्रॅम आणि नॅनोमोल. आकडा रेंज आहे की कट-ऑफ ते एका शब्दात सांगा. ई च्या पुढे ‘कोलेस्टेरॉलबरोबर वाचा’ आणि ए च्या पुढे ‘ताप असताना तपासू नका’ एवढं घाला, के ची ओळ काढूनच टाका, आणि डी चे ३० बदला. जागा तेवढीच लागेल, मी मोजून बघितलं.

वहिनींनी ते कात्रण फ्रिजच्या दारावर लावून ठेवलंय, ४८ च्या शेजारी पेनाने १९ लिहून. दुरुस्ती छापून आली की त्याच्याच बाजूला लावणार म्हणतात.

आपली,
एक जुनी वाचक, निवृत्त लॅब टेक्निशियन